रविवारचा फरारी

दाजी, तुम्ही गेल्यापासून घरात माणसांची ये-जा चालू आहे. येणारा प्रत्येक जण तुमच्याबद्दल चांगलं काहीतरी सांगून जातो. ट्रॅक्टर किती सांभाळून चालवायचे, कुणाची पेरणी अडली तर स्वतःची टाकून कसे जायचे, कुणाची बाळंतीण ट्रॉलीत गादी टाकून दवाखान्यात कशी नेली. मी अक्काशेजारी बसून ऐकते. ऐकता ऐकता लक्षात आलं, की दोन गोष्टी कुणीच बोलत नाही. तुम्हाला टीव्हीवरच्या फरारी माणसांचं वेड होतं, ही एक. आणि तुमच्यावर माणूस मारल्याचा आळ होता, ही दुसरी. दुसरी का बोलत नाहीत ते समजतं. दुखवट्याच्या घरी तसलं कुणी काढत नाही. पण मला ह्या दोन्ही एकमेकींपासून सोडवता येत नाहीत. उद्या मी सोलापूरला परत जाणार. त्याआधी तुमच्याशी बोलून घेते. आपलं बोलणं तसंही मध्येच तुटलंय.

मी बारावीला तुमच्याकडं राहायला आले, तेव्हा अक्काच्या लग्नाला फार दिवस झाले नव्हते. आमच्या गावात कॉलेज नव्हतं आणि तुमचं गाव ढोकीच्या रस्त्यावर, एसटी दारात थांबायची. मेहुणीला घरात ठेवून घेण्यावरून तुमच्या आई जरा कुरकुरल्या. तुम्ही एवढंच म्हणालात, "ऱ्हाऊ द्या की. टीव्ही बघायला एक माणूस वाढलं."

मला वाटलं चेष्टा आहे. रविवार उजाडला तेव्हा कळलं की चेष्टा नव्हती. गल्लीतला पहिला टीव्ही तुमचा. काळा-पांढरा, लाकडी खोक्यातला, पुढं सरकती दारं असलेला. माळवदावर बांबूला बांधलेला अँटेना. सकाळी अख्खी गल्ली अंगणात येऊन बसायची. लाईट ऐन वेळेला जायचीच. मग तुम्ही अजिबात न चिडता उठायचात, ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायचात, दोन चिमटे लावायचात आणि चित्र परत यायचं. पोरंसोरं टाळ्या वाजवायची. तुम्ही मात्र पडद्यापुढून पटकन बाजूला व्हायचात, कारण तेवढ्यात फरारी कुठं पोचला असेल ह्याची तुम्हालाच जास्त काळजी.

मालिका परदेशी होती, कधीची तरी जुनी, हिंदीत बोलायला लावलेली. ओठ एकीकडं, आवाज दुसरीकडं. तिचं नाव काय होतं ते आता मला आठवत नाही. तेव्हाही कुणी घेत नव्हतं. सगळे 'फरारी'च म्हणायचे. घोड्यांची डाकगाडी हाकणारा एक उंच माणूस. त्याच्या गाडीतला पहारेकरी मारला जातो, खून ह्याच्यावर येतो, फाशीच्या आधी हा निसटतो. तिथून पुढं दर रविवारी नवं गाव, नवं नाव, नवं काम. एका गावात घोड्यांना नाल ठोकायचा, दुसऱ्या गावात द्राक्षं तोडायचा. तिथलं कुणीतरी अडचणीत असायचं, हा त्याला सोडवायचा, आणि सोडवता सोडवता ह्याचीच ओळख उघडी पडायची. मागावर असलेला बारीक मिशीचा फौजदार एका वेशीनं आत यायचा आणि हा दुसऱ्या वेशीनं निघायचा. शेजारची म्हातारी दर वेळी पडद्याकडं बघून ओरडायची, "आरं पळ की! उभा काय ऱ्हायलास!"

तुमचा त्याच्यावर फार जीव, कारण तोही गाडी हाकणारा. तो चुकीच्या वाटेनं गेला की तुम्ही हळहळायचात. एकदा चहा पिता पिता तुम्ही मला आपल्याला पळायचं झालं तर कसं पळायचं, हे समजावून दिलं होतं. येडशीला रामलिंगाच्या झाडीत लपायचं. पोलीस लातूरकडं शोधायला लागले की छोट्या रेल्वेत बसून कुर्डुवाडी गाठायची. तिथनं मग मद्रासला जा न्हाय तर मुंबईला जा, कोण विचारतंय! अक्का चुलीपासून म्हणाली, "आन् माजं काय?" तुम्ही म्हणालात, "तुला पत्र टाकीन की." त्यावर अक्कानं तुम्हाला दुसरा चहा दिला नाही.

गळीत हंगाम भरात आला तेव्हाची गोष्ट. रस्त्यावर ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांची रांग तुटत नव्हती. आपल्याच गावातला लिंबराज माळी बाजार करून सायकलवर परत येत होता. दिवेलागणीला फाट्याच्या अलीकडच्या वळणावर त्याला एका ट्रॅक्टरनं उडवलं आणि ट्रॅक्टर थांबला नाही. लिंबराज जागेवरच गेला. लांबून शेळ्या घेऊन येणाऱ्या एका माणसानं सांगितलं, लाल ट्रॅक्टर होता, दोन ट्रॉल्या होत्या, पुढं काळे गोंडे लावलेले होते. तुमचा ट्रॅक्टर लाल होता आणि त्याला काळे गोंडे होते. त्या रस्त्यावरच्या निम्म्या ट्रॅक्टरांना ते होते. पण तुम्ही त्या संध्याकाळी तिथून गेला होता, हे सगळ्यांना माहीत होतं. लिंबराज पडायच्या आधी गेलात की त्याच वेळी, ह्याच्यावर सगळं अडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचे आबा पहिल्या एसटीनं आले. गावात कुजबुज सुरू झालेलीच होती. आबा ओसरीवर टेकलेसुद्धा नाहीत, उभ्या उभ्याच म्हणाले, "जावईबापू, पोलीस दुपारपतूर येतील. बेळगावकडं आपले पाव्हणे हायेत. चार महिने तिकडं जावा. इकडलं आमी निस्तरतो."

तुम्ही म्हणालात, "मामा, म्या न्हवतो त्यो."

"मला ठावं हाय. पर त्यांना कुठं ठावं हाय?"

मीही आबांच्या बाजूनं बोलले. कॉलेजातली मुलगी, तोंडाचा पट्टा चालू. म्हणाले, "दाजी, फरारी थांबला असता तर त्याला फाशीच झाली असती. तुम्हीच म्हणता ना?"

तुम्ही माझ्याकडं बघितलंत, आणि अंघोळीला पाणी काढायला सांगितलंत. अंघोळ केलीत, धुतलेला पायजमा-सदरा घातलात. चपला घालताना म्हणालात, "सुमे, त्याला दर रविवारी नवं गाव मिळतंय. मला हे एकच हाय." आणि दारात थांबलेल्या एसटीनं स्वतः ठाण्यात गेलात.

ठाण्यात काय झालं ते तुम्ही कधी सांगितलं नाहीत, आणि आम्ही विचारलं नाही. जामिनावर घरी आलात तेव्हा डावा पाय ओढत चालत होता. ट्रॅक्टर ठाण्याच्या आवारातच राहिला.

नंतरचा पहिला रविवार मला अजून दिसतो. तुम्ही नेहमीसारखं अंगण झाडून घेतलंत, पाणी शिंपडलंत, टीव्हीची दारं सरकवलीत. मालिका सुरू झाली. अंगणात कुणी आलं नाही. रस्त्यावरून माणसं जात होती, पण मान वळवून बघत नव्हती. शेजारची म्हातारीसुद्धा आली नाही. भिंतीपलीकडून तिचं खोकणं ऐकू येत होतं. अक्का म्हणाली, "दार लावून घेऊ का?" तुम्ही म्हणालात, "ऱ्हाऊ दे उघडं." तुमच्या आई आतच बसल्या. आपण तिघांनीच बघितलं. त्या दिवशी फरारी एका बेटावर पोचला होता आणि दिवे लावायचं काम करत होता.

मला राग आला होता. गल्लीचा आला होता, आणि तुमचा जास्त. मी म्हणाले, "पळाला नाहीत ना? मग हे पळपुटेपणाचं कशाला बघता अजून?"

तुम्ही पडद्यावरची नजर काढली नाहीत. म्हणालात, "पळावं वाटत न्हाय व्हय मला? रोज वाटतंय. आठवडाभर ह्या गावात बसतो. रविवारचा अर्धा तास ह्याच्या मागं पळून येतो. तेवढं तर बघू दे."

अक्का उठून आत गेली.

त्याच हिवाळ्यात तुम्ही मला एक गोष्ट बोलून दाखवलीत. भाग संपला होता, फरारी एका विधवेचं शेत वाचवून निघून गेला होता. तुम्ही म्हणालात, "सुमे, त्यो पहारेकरी मेला न्हवं, डाकगाडीतला? त्याची बायको एकदा बी दाखवली न्हाय."

"तिचं काय दाखवायचं?"

"तिला वाटत आसंल की ह्यानंच मारला. ह्यो गावोगाव लोकांचं भलं करत हिंडायलाय, आन् तिकडं ती बाई रोज ह्याला शिव्या देत बसली आसंल. ह्यो हजर असता तर निदान बघितलं तरी असतं तिनं, की ह्यो कसला माणूस हाय."

तेव्हा मला वाटलं, तुम्ही मालिकेबद्दल बोलताय.

लिंबराजची बायको गोदाबाई. पदरात एक लहान मुलगी. तिनं फाट्यावर चार पत्र्यांची शेड टाकून चहाचं दुकान सुरू केलं. ट्रॅक्टर सुटून आला आणि तुमच्या खेपा परत सुरू झाल्या, तेव्हा रोज तिच्या शेडवरून जायला लागायचं. तुम्ही दिसलात की हातातलं भांडं ती रस्त्यावर उपडं करायची. चहा असो, पाणी असो. आठवडी बाजाराच्या दिवशी येता-जाता आपल्या दारापुढं उभी राहून बोलायची. काय बोलायची ते मी इथं सांगत नाही. तुम्ही घरी नसायचात. ते सगळं अक्का ऐकायची, दाराआड उभी राहून.

ओढ्यातून कारखान्याकडं जायला दुसरी वाट होती. जरा लांबची, पण होती. तुम्ही एकदाही त्या वाटेनं गेला नाहीत. उलट शेडजवळ आलं की ट्रॅक्टर हळू करायचात. अक्का म्हणायची, "कशाला तिच्या डोळ्यावर जाता?" तुम्ही म्हणायचात, "मग तिला वाटंल, खरंच ह्यानंच केलंय."

फरारी मध्येच बंद पडला. एका रविवारी त्याच्या जागी दुसरंच काहीतरी लागलं आणि तो सुटला की सापडला ते कळलंच नाही. तुमचा खटला मात्र चालूच राहिला. मी नर्सिंगला गेले, नोकरी लागली, लग्न होऊन सोलापूरला गेले, तरी तारखा चालूच. शेवटी कोर्टानं पुराव्याअभावी तुम्हाला सोडलं. आबांनी पेढे आणले. तुम्ही एकही खाल्ला नाहीत. म्हणालात, "गावात काय म्हणायलेत ऐकलं का? 'सुटला' म्हणायलेत. 'न्हवताच' असं कोण म्हणत न्हाय."

त्यानंतर बरीच वर्षं गेली. नवरात्राच्या आधीचे दिवस होते, तुळजापूरला पायी चाललेल्या माणसांनी रस्ते भरले होते. भर दुपारी फाट्याजवळ एका जीपनं पायी चाललेल्या एका म्हाताऱ्याला उडवलं आणि जीप पळाली. माणसं जमली, पण गोल करून नुसती उभी. तेवढ्यात तुमचा ट्रॅक्टर आला. तुम्ही खाली उतरलात. गर्दीतलं कुणीतरी म्हणालं, "अंगदराव, तुमी तर हात बी लावू नगा. पयलंच एक लचांड झालंय तुमच्या मागं."

तुम्ही म्हाताऱ्याला उचललंत, रिकाम्या ट्रॉलीत उसाचं पाचट पसरलं, वर घोंगडी टाकली आणि तेव्हाच्या उस्मानाबादला सरकारी दवाखान्यात नेऊन पोचवलंत. म्हातारा बेशुद्ध. आणणारा कोण, तर ट्रॅक्टरवाला. नाव विचारलं, तर आधी खटला झालेला. कपड्यांवर रक्त. तुम्हाला ठाण्यात बसवून ठेवलं.

अक्काचा फोन आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथं पोचले. तुम्ही बाकड्यावर भिंतीला टेकून बसला होता. मला बघून हसलात. "म्हातारा कसा हाय, बघून ये आदी," म्हणालात. मी म्हणाले, "बघूनच आले. वाचेल." तुम्ही डोळे मिटून घेतलेत. मी साहेबांकडं जाऊन बोलून बघितलं. साहेब वाईट नव्हते, पण म्हणाले, "ताई, ह्यांच्यावर आधीपण असाच गुन्हा आहे. पेशंट शुद्धीवर येईपर्यंत मी सोडू शकत नाही. कुणी प्रत्यक्ष बघितलेलं आहे का?"

गर्दीतल्या माणसांपैकी कुणी येणार नाही, हे तुम्हालाही माहीत होतं आणि मलाही.

आणि दारात गोदाबाई उभी होती. मी तिला एवढ्या जवळून कधी बघितलं नव्हतं. केस पांढरे झालेले, हातात पिशवी, चपला धुळीनं भरलेल्या. मला वाटलं, ही आता उरलंसुरलं पूर्ण करायला आली.

ती सरळ साहेबांच्या टेबलापाशी गेली. "म्हाताऱ्याला जीपनं उडवलं. पांढरी जीप हुती. म्या माझ्या दुकानातनं बघितलं. ह्येंचा टॅक्टर मागनं आला."

साहेबांनी कागद चाळले. "बाई, तुमचं नाव काय?"

तिनं नाव सांगितलं. साहेबांच्या शेजारी बसलेल्या जुन्या हवालदारानं मान वर केली. तो तिला ओळखत होता. म्हणाला, "गोदाबाई, हा कोण हाय ठावं हाय न्हवं तुला? तुज्या मालकाच्या केसमधला."

"व्हय. ठावं हाय."

"मग नीट बघितलंस ना? पुन्यांदा विचारतो."

"साहेब, तितं लई माणसं हुती. कुणी बोट लावलं न्हाय. ह्येच एकटे थांबले. लिवून घ्या."

त्यांनी लिहून घेतलं. गोदाबाईनं अंगठा दिला. तुम्हाला सोडलं.

बाहेर लिंबाखाली ती थांबली होती. तुम्ही पायऱ्या उतरून आलात आणि तिच्यापासून चार हात लांब उभे राहिलात. मग तीच बोलली, तुमच्याकडं न बघता.

"तवा बी तुमी न्हवता."

तुम्ही हळूच विचारलंत, "कशावरनं म्हणता, बाई?"

"तुमी असता तर थांबला असता."

तुम्ही डोक्यावरची टोपी काढलीत, हातात धरलीत आणि परत घातलीत. गोदाबाई पुढं म्हणाली, "एवढी वर्सं रोज बघत आले तुमाला. शेडपशी हळू करायचा. मला वाटायचं, मला खिजवायला करतेत. काल त्या म्हाताऱ्याला उचलताना बघितलं. घरी गेले, भाकरी गेली न्हाय." आणि थांबून, "च्या प्यायला येत जावा कवा तर."

लिंबराजला ज्यानं उडवलं तो कोण होता, ते कधीच कळलं नाही, दाजी. जुन्या मालिकांत खरा गुन्हेगार शेवटी पडद्यावर येतो. आपल्याकडं तसं झालं नाही. गावानं मात्र दुसऱ्या दिवसापासून तुमच्या तोंडावर 'न्हवताच' म्हणायला सुरुवात केली, जणू कुणी वेगळं कधी म्हणालंच नव्हतं. तुम्हाला त्याचं काही वाटलं नाही. तुम्ही रोज फाट्यावर थांबून चहा प्यायला लागलात.

अक्काला ते रुचलं नाही. मला ती म्हणाली, "दार लावून लावून माजे हात दुखले. आन् आता ती च्या पाजती व्हय?" गोदाबाई वाटेत भेटली की अक्का रस्त्याची बाजू बदलायची. लग्नकार्यात समोरासमोर आल्या तर अक्का पाठ फिरवायची. तुम्ही अक्काला एका शब्दानं काही म्हणाला नाहीत. बोल तिच्याशी, सोडून दे, झालं गेलं, असलं काही नाही. असं का, ते मला फार नंतर समजलं, तुमच्या आजारपणात.

दम लागायला लागला म्हणून तुम्हाला सोलापूरला माझ्याकडं आणून दवाखान्यात ठेवलं. अक्का दवाखान्याच्या खाली जेवायला गेली की आपण दोघंच असायचो. मी मोबाईलवर तसल्याच जुन्या मालिका शोधून ठेवल्या होत्या. फरारी सापडला नाही, पण त्याचे भाऊबंद बरेच सापडले. एक जहाजावरचा खलाशी, एक तुरुंगातून सुटलेला घोडेस्वार, एक नाव बदलून राहणारा शाळामास्तर. सगळ्यांवर आळ, सगळे निर्दोष, सगळे पळतायत. तुम्ही नाकात नळी असताना हसायचात. "ह्यो बी वेशीनंच निघाला बघ," म्हणायचात.

एका मालिकेचा शेवटचा भाग आपण बघितला. खलाशी निर्दोष ठरला. कोर्टाच्या पायऱ्यांवर टोपी हलवत उभा राहिला आणि संगीत वाजलं. तुम्ही म्हणालात, "आता ह्यो कुठं जाईल?"

"घरी जाईल की."

"घरी कुणी हाय का? इतकी वर्सं पळाला."

मग मी बारावीपासूनचं भांडण उकरून काढलं. म्हणाले, "दाजी, तुम्ही चार महिने बेळगावला गेला असता तर काही बिघडलं नसतं. लोक विसरले असते. पायसुद्धा धड राहिला असता."

"गोदाबाई इसरली नसती."

"मान्य. गोदाबाईला तुम्ही कसले माणूस आहात ते दिसलं. पण थांबायचं तुम्ही ठरवलंत. दाराआड उभी अक्का राहिली. तिला कुणी विचारलं होतं?"

तुम्ही नाकातली नळी सारखी केलीत. मग म्हणालात, "ते खरं हाय. तिला न्हाय इचारलं." आणि थोड्या वेळानं, "म्हणून तर तिला कधी म्हणालो न्हाय, गोदाबाईशी बोल म्हणून. तिचा राग तिनं कमावलाय. म्या कुठल्या तोंडानं मागू?"

मी म्हणाले, "हे अक्काला सांगा."

"सांगतो. आज दम लागायलाय. उद्या सांगतो."

तुम्ही नंतर सांगितलंत का, हे मला माहीत नाही. अक्काला मी विचारलेलं नाही. नवरा-बायकोत काय बोलणं झालं ते तिसऱ्यानं विचारू नये, एवढं तुमच्या घरात राहून शिकले. तुम्ही थांबलात ते बरोबर की चूक, ह्याचाही निकाल लागला नाही. मी अजून म्हणते, चूक होतं, निदान अक्काच्या बाजूनं. आणि अजून मला त्या सकाळचे धुतलेल्या कपड्यातले तुम्ही दिसता, आणि मग माझं म्हणणं मलाच पुरतं पटत नाही. माझ्या नोकरीत मी किती तरी अपघात बघते. उडवून पळालेले बघते. जखमीला आणून सोडून, नाव न सांगता सटकणारेही बघते. मी त्यांना रागावत नाही. पण एखादा आणून सोडतो आणि बाकड्यावर बसून राहतो, तेव्हा मी त्याला पाणी नेऊन देते. हे तुमच्यामुळं, दाजी. हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं.

आता तुम्ही गेल्यानंतरचं सांगते.

तुम्हाला पोचवून माणसं परत आली. घरात चूल पेटलेली नव्हती. भावकीतून जेवण यायचं होतं. अक्का भिंतीला टेकून बसली होती. बायका "थोडं पाणी तरी घे" म्हणून थकल्या. आणि फाट्यावरून गोदाबाई आली. आता ती वाकली आहे, काठी लागते. कापडात बांधलेल्या भाकरी आणि डब्यात पातळ पिठलं. ती दारातच थांबली. आत बसलेल्या बायका अक्काकडं बघायला लागल्या, कारण गावाला सगळं ठाऊक. मी उठले आणि तिथंच उभी राहिले. हे घर अक्काचं.

गोदाबाई दारातूनच म्हणाली, "म्या आत येऊ का?"

अक्कानं वर बघितलं. मला वाटलं ती पाठ फिरवेल. तिनं पाय जवळ ओढून पुढ्यात जागा केली. मग म्हणाली, "ये."

गोदाबाई आली, अक्काच्या पुढ्यात बसली, भाकरी सोडली. एक तुकडा मोडून, पिठल्यात बुडवून हात पुढं केला. अक्कानं तोंड उघडलं. आणि तो घास तोंडात असतानाच ती रडली, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा, मोठ्यानं. गोदाबाईनं तिला थांबवलं नाही. पुढचा घास करून हातात धरून बसून राहिली.

तेव्हापासून ती रोज येते. दुपारी दुकान तिच्या मुलीवर टाकून येते. दोघी फार बोलत नाहीत. मागच्या वैराचं तर अजिबात नाही. डाळी निवडतात, कुणाच्या सुनेला काय झालं ते बोलतात. काल गोदाबाईनं लिंबराजचं नाव घेतलं, त्याला गोड किती आवडायचं म्हणून. अक्का म्हणाली, "ह्येंना तर गूळ दिसला की..." आणि दोघी तुमचं नि त्याचं खाणं आठवत बसल्या.

आज दुपारी मी अक्काला म्हणाले, "चल माझ्याबरोबर सोलापूरला. इथं एकटी कशी राहणार?"

ती चुलीपाशी होती. लाकडं सारून तिनं चहाचं पातेलं ठेवलं, त्यात पाणी ओतलं, मग थांबून अजून पेलाभर ओतलं.

"एकटी कुठं?" अक्का म्हणाली. "गोदाबाई येईल की आता."